विषय ठरला नाही, मग विद्यापीठ कसं ठरवू?

पत्र, थोडक्यात

तासगाव तालुक्यातल्या एका मुलीचं हे पत्र. नुकतीच बारावी विज्ञान झाली, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय होते. दहावीपर्यंत मराठी माध्यम. घरची अडीच एकर द्राक्षबाग, आई अंगणवाडी सेविका, धाकटा भाऊ नववीत. आयसरच्या (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेच्या) प्रवेश परीक्षेतून तिला पुण्याच्या आयसरला पाच वर्षांच्या बीएस-एमएससाठी जागा मिळते आहे. एका शिक्षिकेच्या आग्रहावरून तिने हरियाणात सोनीपतला असलेल्या अशोका विद्यापीठातही अर्ज केला होता. तिथेही निवड झाली, फीमध्ये सवलतही मिळाली. ती सवलत वजा जाता, राहणं-जेवण धरून वर्षाला सुमारे साडेपाच लाख रुपये भरावे लागतील.

ती लिहिते: "मला नक्की काय शिकायचंय तेच कळत नाही. बागेवर दरवर्षी दावण्या (द्राक्षावरचा डाउनी मिल्ड्यू रोग) का येतो, औषधं बदलूनही का येतो, हे शोधायला आवडेल असं वाटतं. आणि बाबांबरोबर बेदाण्याच्या सौद्याला (लिलावाला) गेले की वाटतं, माल तोच, मग आठवड्याभरात भाव एवढा कसा पडतो? ते शिकायचं तर अर्थशास्त्र घ्यावं लागेल. गणिताची मला फारशी आवड नाही, त्यामुळे आयसरची धास्ती वाटते. सगळे म्हणतात, काही ठरलं नसेल तर अशोकाला जा, तिथे सगळे विषय मोकळे असतात, आयसरला गेलीस तर सायन्समध्येच अडकशील. बाबा म्हणतात, 'तुला जायचं असेल तर अर्धा एकर विकू, बाकीचं कर्ज काढू.' दहा दिवसांत एकीकडे पैसे भरायचे आहेत. माझंच काही ठरत नाही याची लाज वाटते."

उत्तर

सगळ्यात आधी ती लाज बाजूला ठेव. तुझ्या वयाची, विषय ठरलेली मुलं आजूबाजूला दिसतात खरी, पण त्यांतल्या कित्येकांचा विषय घरच्यांनी, क्लासने नाहीतर टक्क्यांनी ठरवलेला असतो. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की लगेच शाखा निवडायची, बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या कॅप फॉर्मवर मेकॅनिकल आधी की सिव्हिल आधी ते लिहून द्यायचं, अशीच रीत पडली आहे. 'अजून ठरलं नाही' असं उत्तर देण्याची सोयच त्यात नाही. म्हणून ज्याचं ठरलेलं नसतं त्याला आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटू लागतं.

शिवाय, तुझं काही ठरलेलं नाही हे मला पटत नाही. दावण्या औषध बदलूनही का परततो आणि बेदाण्याचा भाव आठवड्यात का कोसळतो, हे दोन्ही प्रश्न अगदी नेमके आहेत. पदवीला प्रवेश घेणाऱ्या बहुतेकांकडे विषयाचं नाव असतं, प्रश्न नसतो. तुझ्याकडे दोन प्रश्न आहेत, फक्त त्यांतल्या कोणत्याला आयुष्याची पुढची काही वर्षं द्यायची ते ठरलेलं नाही. काहीच सुचत नसणं वेगळं आणि दोनांतलं एक निवडता न येणं वेगळं. पहिल्या अवस्थेतल्या मुलीला भरपूर विषय चाखायला देणारी जागा लागते. तुला अशी जागा हवी, जिथे हे दोन प्रश्न नीट हाताळता येतील आणि चुकीच्या बाजूला गेलीस तर परत वळणं फार महाग पडणार नाही.

आता 'सगळे म्हणतात' त्याकडे येऊ. अशोका मोकळं आणि आयसर बंद, ही समजूत अर्धीच खरी आहे. अशोकाला सुरुवातीला सगळ्यांना पायाभूत कोर्स असतात, त्यात साहित्य, इतिहास, विज्ञान, समाजशास्त्र असं सगळं येतं, आणि मुख्य विषय दुसऱ्या वर्षात जाहीर करायचा असतो. तिथे जीवशास्त्रही आहे आणि अर्थशास्त्रही. एक मुख्य आणि दुसरा जोडविषय घेऊन तुझे दोन्ही प्रश्न एकाच पदवीत बसू शकतात. हे मोठं आकर्षण आहे आणि ते मी कमी लेखणार नाही. पुण्याच्या आयसरलाही प्रवेशाच्या वेळी विषय ठरवावा लागत नाही, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. सुरुवातीच्या सत्रांत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र सगळ्यांनाच असतं. बारावीला जीवशास्त्र सोडलेल्या मुलांना तिथे ते पुन्हा घ्यावं लागतं, आणि गणित सोडलेल्यांना गणित. पुढे आपापल्या विषयाकडे वळायचं आणि शेवटचं वर्ष एका संशोधन प्रकल्पाला द्यायचं. म्हणजे न ठरलेल्या मुलीला वेळ दोन्हीकडे मिळतो. फरक कुंपणाचा आहे. आयसरचं कुंपण विज्ञानाभोवती आहे. मानव्यविद्येचे काही कोर्स तिथे आहेत, पण अर्थशास्त्र मुख्य विषय म्हणून घेता येत नाही.

मग 'सायन्समध्ये अडकशील' हे खरं का? या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे, कारण तुझ्यासारख्या बऱ्याच मुलामुलींचा निर्णय इथेच फसतो. एका विषयातून दुसऱ्यात जाण्याची वाट दोन्ही दिशांनी सारखी नसते. जीवशास्त्राची प्रयोगशाळा तीन-चार वर्षं सोडली, तर एमएससीच्या वेळी परत येणं फार कठीण होतं. हाताला सवय नसते आणि प्रवेशाच्या पात्रतेतच अडतं. विज्ञानाकडून अर्थशास्त्राकडे जाणारी वाट त्यामानाने रुळलेली आहे. मुंबईला गोरेगावात इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. तिथे अर्थशास्त्राच्या एमएससीसाठी अर्थशास्त्राच्या पदवीधरांबरोबर गणित किंवा भौतिकशास्त्राचे पदवीधर आणि इंजिनिअरही पात्र धरले जातात. यात एक अट लपलेली आहे: तुझ्या गुणपत्रिकेवर गणित आणि सांख्यिकी भक्कम दिसली पाहिजे. आयसरला जाऊन फक्त जीवशास्त्राचे कोर्स घेतलेस आणि गणिताकडे पाठ फिरवलीस, तर ही वाट तुलाही अवघड होईल. म्हणजे अडकणं-न अडकणं संस्थेच्या नावापेक्षा तू तिथे कोणते कोर्स घेतेस यावर जास्त अवलंबून आहे.

गणिताचं आता स्पष्टच बोलू या. तुझ्या पत्रात एक गृहीतक दडलेलं आहे, की आयसर म्हणजे गणित आणि अर्थशास्त्र म्हणजे गणितातून सुटका. असं नाही गं. पदवीचं चांगलं अर्थशास्त्र कलनशास्त्राशिवाय आणि सांख्यिकीशिवाय शिकवताच येत नाही, आणि हे सोनीपतलाही तितकंच खरं आहे. तुझा बेदाण्याचाच प्रश्न घे. त्या आठवड्यात आवक किती झाली, शीतगृहात किती माल पडून आहे, दिवाळी किंवा रमजान किती लांब आहे, व्यापाऱ्यांनी आधीच किती खरेदी करून ठेवली आहे, या सगळ्यांतून भाव पडण्यात कशाचा वाटा किती ते वेगळं काढायचं, तर कित्येक वर्षांच्या सौद्यांचे आकडे समोर घेऊन बसावं लागेल. दावण्याचंही तेच. हा जीव दिसतो बुरशीसारखा, पण जातकुळीने खरी बुरशी नाही. तो ऊमायसीट नावाच्या वेगळ्या गटात मोडतो. भुरी या खऱ्या बुरशीच्या रोगावर चालणारी काही औषधं दावण्यावर चालत नाहीत, त्याचं एक मोठं कारण हेच. एकच औषध पुन्हा पुन्हा फवारलं की त्याला दाद न देणारे रोगजंतू उरतात आणि तेच वाढतात. पान किती तास ओलं राहिलं, तापमान किती होतं, यावरून रोगाचा अंदाज बांधायचा तर पुन्हा सांख्यिकीच. तुझा मुख्य विषय ठरला नसेल, पण दोन्ही प्रश्नांना लागणारं हत्यार एकच आहे आणि ते ठरलेलं आहे. कुठेही गेलीस तरी पहिल्या वर्षात सांख्यिकी नीट शिक. गणिताची फारशी आवड नाही म्हणतेस, पण आजवर ते तू परीक्षेपुरतंच पाहिलं आहेस. दावण्याच्या निमित्ताने भेटलं तर कदाचित वेगळं वाटेल.

आता पैशांबद्दल. हे तू पत्रात एका वाक्यात उरकलं आहेस, मला ते उरकू द्यायचं नाही.

साडेपाच लाख वर्षाला, चार वर्षांचे बावीस लाख. फी वाढली तर त्याहून जास्त. अर्धा एकर विकून काही रक्कम उभी राहिली आणि समज 15 लाखांचं कर्ज काढलं. साडेदहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता 20 हजारांच्या वर जातो. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं, म्हणजे प्रत्यक्षात आकडा याहून मोठा होईल. ही परतफेड तुला पदवीनंतर साधारण वर्षभरात सुरू करावी लागेल. दावण्यावर संशोधन करायचं असो की बाजारभावावर, दोन्हीकडे पदवीनंतर पुढचं शिक्षण आहे आणि त्या वर्षांत हाती येते ती विद्यावेतनाची रक्कम. डोक्यावर एवढा हप्ता असेल तर तू संशोधनाकडे वळणारच नाहीस, पहिली मिळेल ती नोकरी धरशील. विषय मोकळे राहावेत म्हणून काढलेलं कर्ज पुढच्या वाटा बंद करू शकतं, हे तुला आत्ताच कुणीतरी सांगायला हवं.

आणि तो अर्धा एकर. अडीच एकरांतला अर्धा म्हणजे बागेच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. भाऊ नववीत आहे, तीन-चार वर्षांनी त्याचीही पाळी येईल. बाबांनी ते वाक्य प्रेमाने म्हटलं आहे याबद्दल मला शंका नाही. पण असं वाक्य ऐकलं की मुली एकतर गप्प राहून स्वतःची इच्छा मारतात, नाहीतर आयुष्यभर त्या जमिनीचं ओझं मनावर घेऊन फिरतात. दोन्ही नको. एका संध्याकाळी आई, बाबा आणि तू कागद-पेन घेऊन बसा. दोन्हीकडचा पूर्ण खर्च मांडा: फी, वसतिगृह, मेस, प्रवास, लॅपटॉप. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने दिल्लीच्या निजामुद्दीनला पोहोचायला दिवसाहून जास्त लागतो, तिथून पुढे सोनीपत. वर्षातून किती वेळा येणं जमेल तेही लिहा. आयसर केंद्र सरकारची संस्था आहे, तिथला वर्षाचा खर्च साडेपाच लाखांच्या आसपासही जात नाही. मूलभूत विज्ञान घेणाऱ्या गुणवंतांना केंद्राच्या इन्स्पायर योजनेतून वर्षाला 80 हजार रुपयांपर्यंत शिष्यवृत्ती मिळते. बोर्डात वरच्या एक टक्क्यात असशील तर तुझं नाव तिथे लागू शकतं. यंदाचे नियम आणि अर्जाची तारीख त्यांच्या संकेतस्थळावर पाहा, पण पैसे वेळेवर हातात पडतीलच असं धरून घरचं गणित मांडू नका. कर्ज काढायचंच झालं तर 2024 च्या नोव्हेंबरात मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना पाहा. निवडक संस्थांसाठी तिथे तारण न ठेवता कर्ज मिळतं, आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत आहे. आपली संस्था त्या यादीत आहे का हे आधी तपासायचं.

एक प्रश्न विचारते, राग मानू नकोस. तुझ्या दोन्ही प्रश्नांची नावं शिक्षणात आधीपासून आहेत: वनस्पती रोगशास्त्र आणि कृषी अर्थशास्त्र. हे दोन्ही विषय बीएससी कृषीच्या चार वर्षांत सगळ्यांना शिकावे लागतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं महाविद्यालय कोल्हापुरात, तुझ्या घरापासून जवळच आहे. तुझ्या पत्रात या पर्यायाचा उल्लेखही नाही. तू विचार करून तो सोडलास, की 'एवढी हुशार मुलगी आणि पुन्हा शेतीच?' या बोलण्याने तो आपोआप गळला? आयसर सोडून कृषीला जा असं मी म्हणत नाही. प्रयोगशाळेत खोलवर जायचं असेल तर आयसरचं शिक्षण वेगळ्या तोडीचं आहे. पण जो पर्याय तुझ्या प्रश्नांच्या सगळ्यात जवळ होता तो बोलण्यातच आला नाही, तर न ठरण्यामागे इतरांची मतं किती आणि तुझं मन किती, हे एकदा बघून घ्यावंसं वाटतं.

अशोकाच्या बाजूने आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तिथे लहान वर्गात चर्चा होते, वाचावं आणि लिहावं भरपूर लागतं, देशभरातली मुलं भेटतात. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलीला पहिले सहा महिने जड जातात, पण इंग्रजी आयसरलाही लागणारच आहे आणि दोन्हीकडे ती येते. भाषेच्या भीतीने कोणताही निर्णय घेऊ नकोस. अंतराच्या भीतीनेही नको.

माझं मत विचारशील तर, आज तुझ्या पत्रात जे आहे तेवढ्यावरून मी पुण्याकडे झुकते. तुझ्या दावण्याच्या प्रश्नावर तिथे शिकता येतं, विज्ञानातून अर्थशास्त्राकडे जायची वाट उरते, जमीन विकावी लागत नाही. पण एका परिस्थितीत मी उलट सांगेन: अशोकाने सवलत इतकी वाढवली की जमिनीला हात लावावा लागणार नाही आणि सगळं कर्ज मिळून पाच-सहा लाखांच्या आत राहील, शिवाय येत्या दहा दिवसांत तुझ्या लक्षात आलं की रात्री जागून वाचावंसं वाटतं ते बाजाराबद्दल, रोगाबद्दल नव्हे. दोन्ही जुळलं तर सोनीपतला जा, मोकळ्या मनाने जा.

हे दहा दिवस म्हणूनच रिकामे घालवू नकोस. आज किंवा उद्याच अशोकाच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाला मेल कर. घरचं उत्पन्न, भावाचं शिक्षण, जमीन विकावी लागेल ही वस्तुस्थिती साध्या शब्दांत लिही आणि तीन गोष्टी विचार: सवलत वाढू शकते का, ती चारही वर्षं तशीच राहणार की दरवर्षी नव्याने ठरणार, आणि आत्ता भरलेले पैसे कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतात. असं विचारण्यात कमीपणा काही नाही, त्या कार्यालयाचं कामच ते आहे. पुण्याला आयसरमध्ये फोन करून फीमाफीचे नियम विचार. मग दोन्हीकडच्या पहिल्या दोन वर्षांचे अभ्यासक्रम संकेतस्थळांवरून काढून घे आणि एकेका कोर्सपुढे लिही: हा मी आनंदाने करीन, हा निभावून नेईन, याची भीती वाटते. माहितीपत्रकातल्या फोटोंपेक्षा हा कागद तुला जास्त सांगेल. दोन्हीकडच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोल, शक्यतो ज्याने मध्येच विषय बदलला असेल त्याच्याशी. 'इथे छान आहे का?' असं विचारू नकोस. विषय बदलताना कुणाची सही लागली, किती क्रेडिट वाया गेले, एखादं सत्र वाढलं का, हे विचार.

आणि एक दिवस बाबांबरोबर सौद्याला जा, पण यावेळी वही घेऊन. कोणत्या प्रतीच्या मालाला काय भाव निघाला ते लिहून आण. दुसऱ्या दिवशी बागेच्या औषधांचं रजिस्टर किंवा दुकानाच्या पावत्या काढ आणि गेल्या हंगामात कोणती फवारणी कधी झाली, पाऊस कधी पडला, हे एका पानावर मांड. दोन्हीतलं कोणतं पान तुला पुढे न्यावंसं वाटतं ते बघ. त्यावरून कायमचं काही ठरवायचं नाही, पण मनाचा कल कळेल.

ही मांडणी इतरांसाठीही उपयोगी आहे, कारण अशी पत्रं दर जून-जुलैत येतात. दोन संस्थांमध्ये अडकला असाल तर कोणती 'मोठी' हे आधी बघू नका. विषय शेवटचा कधी ठरवावा लागतो, ठरवलेला बदलायचा झाला तर वेळ आणि पैसा किती जातो, आणि तिथून बाहेर पडताना कोणकोणत्या वाटा शिल्लक राहतात, ते बघा. ज्यांच्यापुढे आयसर किंवा अशोका नाही, जवळचं महाविद्यालयच आहे, त्यांनीही निराश होऊ नये. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या महाविद्यालयांत आता मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय आणि दुसऱ्या शाखेतला खुला विषय घेता येतो. कित्येक ठिकाणी विज्ञानाच्या पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन मुख्य विषय दुसऱ्या वर्षी ठरवण्याची मुभा आहे. प्रवेश घेण्याआधी प्राचार्यांना किंवा विभागप्रमुखांना इतकंच विचारा, की कागदावरच्या या जोड्यांपैकी तुमच्याकडे प्रत्यक्षात कोणत्या शिकवल्या जातात. उत्तर महाविद्यालयागणिक वेगळं मिळेल.

आई-बाबांना माझा निरोप सांग: बाग विकायचा निर्णय या दहा दिवसांत घेऊ नका. तो पुढेही घेता येतो, मागे मात्र घेता येत नाही. अशोकाचं उत्तर आठव्या दिवसापर्यंत आलं नाही किंवा सवलत होती तेवढीच राहिली, तर पुण्याचे पैसे भरून टाका आणि सोनीपतला रीतसर नकार कळवा, म्हणजे तुझी जागा आणि सवलत प्रतीक्षेतल्या कुणाला तरी वेळेत मिळेल.

पुण्याला गेलीस तर पहिल्या वर्षीच शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथे जाऊन ये. दावण्यावर काम करणारे शास्त्रज्ञ तिथे भेटतील. सोबत ते फवारणीचं पान ने आणि सुट्टीत काही काम करू देतील का, ते विचार.